वॉशिंग्टनची निळी पदयात्रा

मार्च महिना उतरणीला लागला की अमेरिकेच्या राजधानीचे रूप पालटू लागते. पोटोमॅक नदीलगतच्या टायडल बेसिन या जलाशयाभोवती चेरीची झाडे पालवी फुटण्यापूर्वीच फुलांनी भरून जातात. पांढऱ्या-गुलाबी फुलांचा हा सोहळा पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी येतात. ही झाडे मूळची अमेरिकेची नव्हेत. टोकियो शहराचे महापौर युकिओ ओझाकी यांनी १९१२ साली ३,०२० रोपे मैत्रीची भेट म्हणून पाठविली होती. २७ मार्च १९१२ रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या पत्नी हेलन टाफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी यांनी त्यांतील पहिली दोन झाडे लावली. शंभर वर्षे उलटून गेली तरी मार्च म्हणजे चेरीचा बहर, हे समीकरण या नगरीत कायम आहे.

याच मार्च महिन्यात या शहरात आणखी एक रंग उमटतो, तो निळा. २००० साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मार्च हा मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाविषयी जनजागृतीचा महिना म्हणून घोषित केला. गुलाबी फीत जशी स्तनाच्या कर्करोगाची खूण, तशी निळी फीत या रोगाची खूण ठरली. निळे सदरे, निळ्या टोप्या आणि निळ्या फिती लावलेली माणसे या महिन्यात रस्त्यांवर चालताना दिसतात. त्यांची पाच किलोमीटरची वाट ज्या शहरातून जाते, त्या शहराचा आणि या आजाराचा संबंध मोठा विलक्षण आहे.

चौकाखालचा नकाशा

व्हाइट हाउस आणि कॅपिटॉल या दोन इमारतींना जोडणारा पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यू हा वॉशिंग्टनचा राजमार्ग. त्यावर व्हाइट हाउसच्या जवळ फ्रीडम प्लाझा नावाचा विस्तीर्ण चौक आहे. फ्रेंच अभियंता पियर लाँफाँ याने १७९१ साली या नगरीचा जो आराखडा काढला, तो या चौकाच्या फरसबंदीत निरनिराळ्या रंगांच्या दगडांनी साकारला आहे. येणारा-जाणारा माणूस अक्षरशः राजधानीच्या नकाशावरून चालत जातो. शेजारच्या विलार्ड हॉटेलात मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या आपल्या सुप्रसिद्ध भाषणावर अखेरचा हात फिरविला. त्यांच्याच स्मरणार्थ १९८८ साली या चौकाला फ्रीडम प्लाझा हे नाव देण्यात आले.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी होणारी ‘स्कोप इट आउट’ ही पाच किलोमीटरची धाव व पदयात्रा याच चौकाशी जोडली गेलेली आहे. पदयात्रेचा व्यवहार साधा असतो. भाग घेणारा नोंदणीचे शुल्क भरतो आणि आप्तमित्रांकडून आपल्या नावे देणग्या मिळवितो. कोणी एकटा येतो, तर कोणी आठ-दहा जणांचा संघ घेऊन येतो. अनेक संघांच्या सदऱ्यांवर गेलेल्या माणसाचे नाव असते. रोगातून उठलेल्यांना मानाने पुढे बोलाविले जाते. जमा झालेला पैसा संशोधनासाठी, रुग्णांच्या साहाय्यासाठी आणि ज्यांना परवडत नाही अशांच्या तपासणीसाठी खर्च होतो. १९७० साली ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेने बालकांच्या आरोग्यासाठी पदयात्रेचा असा उपक्रम हाती घेतला. १९८३ साली टेक्सासमधील डॅलस येथे स्तनाच्या कर्करोगासाठी पहिली ‘रेस फॉर द क्युअर’ झाली. पुढे हा प्रकार अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात चांगलाच रुजला.

अशा मेळाव्यांत पुष्कळदा एक विचित्र वस्तू लहान-थोरांचे लक्ष वेधून घेते. हवा भरून फुगविलेला, माणूस आत शिरून चालत जाऊ शकेल एवढा आतड्याचा बोगदा तिथे उभारलेला असतो. आरंभी भिंती निरोगी गुलाबी दिसतात. चार पावलांवर भिंतीला बोंडासारखी लहानशी वाढ दिसते, पुढे ती मोठी होते आणि शेवटी तिचे कर्करोगात रूपांतर झालेले दिसते. मुले हसत आत शिरतात आणि त्यांच्यामागून गेलेले आजी-आजोबा मात्र काहीसे गंभीर होऊन बाहेर येतात. पुस्तकातील दहा पानांनी जे समजत नाही, ते वीस पावलांत समजते.

त्या बोगद्याचा अर्थ असा. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एका रात्रीत होत नाही. प्रथम आतड्याच्या अस्तरावर पॉलिप नावाची लहान वाढ होते. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात, परंतु त्यांतील काही हळूहळू बिघडत जातात. या वाटचालीला सामान्यतः दहा वर्षांच्या आसपास अवधी लागतो. या काळात माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. दुर्बिणीच्या तपासणीत पॉलिप सापडला तर तो त्याच वेळी काढून टाकता येतो, म्हणजे रोग होण्याआधीच त्याचे मूळ नाहीसे होते. न्यूयॉर्कच्या बेथ इस्राएल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोन शल्यविशारदांनी १९६९ साली पोट न उघडता, दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप काढण्याची ही रीत प्रथम यशस्वी करून दाखविली. फार थोड्या कर्करोगांच्या बाबतीत वैद्यकाला एवढी सवड मिळते.

सत्ता हस्तांतराची चार प्रकरणे

फ्रीडम प्लाझावरून पश्चिमेस गेले की व्हाइट हाउसचे कुंपण लागते. या वास्तूच्या इतिहासात मोठ्या आतड्याला अनपेक्षित स्थान आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेची पंचविसावी दुरुस्ती १९६७ साली मंजूर झाली. राष्ट्राध्यक्ष काही काळ कारभार पाहण्यास असमर्थ असतील तर त्यांनी लेखी पत्र देऊन आपले अधिकार उपराष्ट्राध्यक्षांकडे सोपवावेत, अशी तिच्या तिसऱ्या कलमात तरतूद आहे. युद्ध, अपघात, हल्ला अशा प्रसंगांचा विचार करून ही तरतूद झाली असावी असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात १९८५, २००२, २००७ आणि २०२१ या चारही वेळा अधिकार सोपविण्याचे कारण मोठे आतडे हेच होते.

जुलै १९८५ मध्ये रोनाल्ड रेगन वयाच्या ७४ व्या वर्षी एक लहान पॉलिप काढून घेण्यासाठी शहराबाहेरील बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात गेले. दुर्बीण पुढे सरकली तेव्हा आतड्याच्या उजव्या टोकाशी दुसरी, बरीच मोठी गाठ आढळली. १३ जुलै रोजी शस्त्रक्रिया होऊन सुमारे दोन फूट आतडे काढण्यात आले. ती गाठ कर्करोगाची होती. त्या सुमारे आठ तासांत उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्याकडे अधिकार होते. त्यानंतर वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर आतड्याची चित्रे झळकली. चारचौघांत ज्या अवयवाचे नाव कोणी घेत नव्हते, त्याची चर्चा जेवणाच्या टेबलावर होऊ लागली. कर्करोग माहिती केंद्रांकडे चौकशीच्या दूरध्वनींची रीघ लागली. रेगन त्यानंतर जवळजवळ १९ वर्षे जगले. २००४ साली ते निवर्तले तेव्हा त्यांचे वय ९३ होते.

धाकटे जॉर्ज बुश यांनी २००२ आणि २००७ साली कॅम्प डेव्हिड येथे कोलोनोस्कोपी करवून घेतली आणि दोन्ही वेळा काही तासांपुरते अधिकार डिक चेनी यांना दिले. दुसऱ्या खेपेस त्यांच्या आतड्यातून पाच लहान पॉलिप काढण्यात आले. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी जो बायडेन यांनी अशीच तपासणी करवून घेतली. त्या दिवशी सकाळी ८५ मिनिटे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे अधिकार कमला हॅरिस यांच्या हाती होते. हे अधिकार धारण करणारी ती पहिली स्त्री. बायडेन यांच्या आतड्यात तीन मिलिमीटरचा एक पॉलिप सापडला. पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या प्रकारचा तो होता आणि तो तिथल्या तिथे काढून टाकण्यात आला.

या ८५ मिनिटांना आणखी एक पदर आहे. कमला हॅरिस यांच्या मातोश्री श्यामला गोपालन या मूळच्या मद्रासच्या. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात गेल्या आणि पुढे स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधक झाल्या. सारे आयुष्य एका कर्करोगाचा मागोवा घेण्यात घालविणाऱ्या या विदुषीचे फेब्रुवारी २००९ मध्ये निधन झाले ते दुसऱ्याच कर्करोगाने, मोठ्या आतड्याच्या.

रेगन यांची शस्त्रक्रिया जिथे झाली, तो बेथेस्डाचा परिसर आज वॉल्टर रीड लष्करी वैद्यकीय केंद्र म्हणून ओळखला जातो. बायडेन यांची तपासणीही तिथेच झाली. रस्त्याच्या पलीकडे राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे विशाल आवार आहे. जगाचा कारभार हाकणाऱ्या माणसाला त्याचे वैद्य कोणती तपासणी टाळू देत नाहीत, हे या रस्त्यावर उभे राहिले की ध्यानात येते.

हिरवळीवरचे झेंडे

कॅपिटॉलपासून लिंकन स्मारकापर्यंत सुमारे तीन किलोमीटर पसरलेल्या हिरवळीच्या पट्ट्याला नॅशनल मॉल म्हणतात. मधोमध १६९ मीटर उंचीचा वॉशिंग्टन स्तंभ उभा आहे. बारकाईने पाहिले तर त्याच्या संगमरवराचा रंग सुमारे पाव उंचीवर बदललेला दिसतो. १८४८ साली सुरू झालेले काम १८५४ साली निधीअभावी थांबले आणि पाव शतकानंतर पुन्हा सुरू झाले. तोवर दगडाची खाण बदलली होती. लोकवर्गणीतून आरंभलेल्या कामाची अशी उघडी नोंद जगात क्वचितच पाहायला मिळते.

हा पट्टा म्हणजे अमेरिकेचे सार्वजनिक अंगण आहे. २८ ऑगस्ट १९६३ रोजी सुमारे अडीच लाख लोक नागरी हक्कांसाठी इथे चालत आले. ऑक्टोबर १९८७ मध्ये एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या नावांची १,९२० तुकड्यांची प्रचंड गोधडी इथे अंथरण्यात आली आणि ज्या रोगाचे नाव कुजबुजत घेतले जाई, त्याचे दुःख उन्हात उघडे झाले. तीच परंपरा पुढे चालवीत २०२२ च्या मार्चमध्ये याच हिरवळीवर सुमारे २७,४०० लहान निळे झेंडे रोवण्यात आले. २०३० साली अमेरिकेत पन्नाशीच्या आतील जेवढ्या लोकांना मोठ्या आतड्याचा वा गुदाशयाचा कर्करोग होईल असा अंदाज आहे, तेवढे ते झेंडे होते. ओळीने फडफडणाऱ्या त्या झेंड्यांमधून चालताना आकडा हा आकडा राहत नाही.

पन्नाशीच्या आत हे शब्द महत्त्वाचे आहेत. अमेरिकेत वयस्क लोकांमध्ये या रोगाचे प्रमाण गेल्या काही दशकांत घटले आणि त्याच्या श्रेयाचा मोठा वाटा तपासणीकडे जातो. तरुणांमध्ये मात्र ते वाढत आहे. म्हणूनच तेथील तज्ज्ञ मंडळाने २०२१ साली तपासणी सुरू करण्याचे वय ५० वरून ४५ वर आणले.

मॉलच्या उत्तरेला हॉवर्ड विद्यापीठ आहे. ‘ब्लॅक पँथर’ या चित्रपटाचा नायक चॅडविक बोसमन याच विद्यापीठाचा विद्यार्थी. २०१६ साली त्याला हा रोग असल्याचे निदान झाले तेव्हा तो तिसऱ्या टप्प्यावर होता. शस्त्रक्रिया आणि औषधोपचार सुरू असतानाच त्याने एकामागून एक चित्रपट पुरे केले आणि बाहेर कोणाला त्याचा सुगावाही लागू दिला नाही. २८ ऑगस्ट २०२० रोजी वयाच्या ४३ व्या वर्षी त्याचे निधन झाले, तेव्हाच जगाला त्याच्या आजाराची वार्ता कळली. हॉवर्डच्या ललितकला महाविद्यालयाला आता त्याचे नाव दिले आहे. याच्या उलट उदाहरण कॅपिटॉलमागच्या सर्वोच्च न्यायालयात सापडते. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांना १९९९ साली मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. उपचार घेत असतानाही त्यांनी न्यायासनावरचा एकही दिवस चुकविला नाही आणि त्यानंतर आणखी २१ वर्षे न्यायदान केले.

रोग आतड्यापुरता मर्यादित असताना सापडला तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेत शेकडा ९० च्या घरात आहे. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर ते शेकडा १५ च्या आसपास येते. दोन्हीकडे रोग एकच, फरक केवळ तो कळण्याच्या वेळेचा.

शाकाहाराचे पुण्य आणि त्याची मर्यादा

वॉशिंग्टनच्या मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवर, भारतीय वकिलातीसमोर, महात्मा गांधींचा पुतळा आहे. सप्टेंबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या उपस्थितीत त्याचे अनावरण झाले. हा गांधी काठी घेऊन चालणारा, दांडीयात्रेतला आहे. १२ मार्च १९३० रोजी ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघालेली ती यात्रा. एखाद्या कार्यासाठी पायी निघणे ही कल्पना भारतीयांस कोणी शिकवावयास नको. साधु-साध्वींचा विहार, छ’री पालित संघ, पंढरीची वारी, या सर्वांत पायांनीच श्रद्धा व्यक्त होते. शरीराच्या एका लाजिरवाण्या समजल्या गेलेल्या भागासाठी भर रस्त्यात निळे झेंडे घेऊन चालणे, हे मात्र भारतीय मनाला अजून अवघड जाते.

राजधानीच्या उत्तरेस मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे जैन मंदिर आहे. या परिसरात अभियंते, डॉक्टर, शासकीय कर्मचारी आणि व्यापारी अशी अनेक जैन कुटुंबे स्थायिक झाली आहेत. मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूर येथील कितीतरी घरांतील मुले-नातवंडे अमेरिकेतील अशाच नगरांत आज नांदत आहेत. भारतातील आणि तेथील कुटुंबांत एक समज मात्र सारखाच आढळतो. मांस नाही, मद्य नाही, तंबाखू नाही, रात्रिभोजन नाही, तेव्हा हा रोग आपल्या उंबऱ्याशी येणार नाही, असे मानले जाते.

या समजुतीत सत्याचा अंश नक्कीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले आणि त्याचा प्रमुख पुरावा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचाच होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाने ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या हजारो अनुयायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाकाहारी लोकांना या रोगाचा धोका मांसाहारी लोकांपेक्षा शेकडा २२ ने कमी असल्याचे दिसले. ही बाब समाधानाची आहे, परंतु हिशोब ठेवणाऱ्या माणसाने हा आकडा नीट वाचला पाहिजे. २२ टक्के सूट मिळाली तरी ७८ टक्के रक्कम देणे राहतेच. वय, आनुवंशिकता, बैठा व्यवसाय, वाढलेला घेर, मधुमेह या बाबी आहार पाहून दूर राहत नाहीत. सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत पेढीवर किंवा संगणकासमोर बसणे, फरसाण, मिठाई आणि मैद्याचे पदार्थ, चालण्याचा अभाव, असा शाकाहार शास्त्रानुसार शुद्ध असला तरी आतड्याला हितकर असेलच असे नाही.

देशांतराचाही परिणाम होतो. जपानमधून हवाई बेटांत जाऊन राहिलेल्या लोकांमध्ये एक-दोन पिढ्यांतच या रोगाचे प्रमाण तेथील रहिवाशांच्या पातळीवर पोहोचल्याचे संशोधकांना आढळले. भारतात हे प्रमाण अमेरिकेच्या मानाने बरेच कमी आहे. तथापि आजोबांना नव्हते म्हणून न्यू जर्सीतील नातवाला होणार नाही, असे म्हणता येत नाही. जगाचा विचार केला तर २०२२ या एका वर्षात या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख लोक मृत्युमुखी पडले.

संकोचाची किंमत

एका बाबतीत मात्र राजधानी आणि बाजारपेठ सारखीच आहे, ती म्हणजे संकोच. शौचावाटे रक्त दिसले तर ते मूळव्याधीचे म्हणून सोडून दिले जाते. चूर्ण, ताक, इसबगोल यांवर महिने निघतात. पत्नीस सांगितले जात नाही, मुलांस तर नाहीच. स्त्रियांचा संकोच त्याहून मोठा. रक्त कमी झाले म्हणून लोहाच्या गोळ्या चालू राहतात, ते कशामुळे कमी झाले याची चौकशी होत नाही. मूळव्याध असू शकते, बहुधा असतेही, परंतु तो निर्णय डॉक्टरांनी तपासून द्यायचा असतो. शौचाच्या सवयीत आठवडेच्या आठवडे टिकणारा बदल, रक्त, कारणाविना घटणारे वजन, पंडुरोग, पोटात राहून राहून येणारी कळ, यांपैकी काहीही असेल तर वयाचा विचार न करता वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे आहे. अशा वेळी पदयात्रेची वा मार्च महिन्याची वाट पाहू नये.

अमेरिकेत हा संकोच मोडण्यास एका पत्रकार स्त्रीने हातभार लावला. दूरचित्रवाणीवरील निवेदिका केटी कुरिक यांचे पती जे मोनाहन यांचे १९९८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी याच रोगाने निधन झाले. मार्च २००० मध्ये केटी यांनी आपली स्वतःची कोलोनोस्कोपी सकाळच्या कार्यक्रमातून देशाला दाखविली. त्यानंतर अशा तपासण्यांची संख्या लक्षणीय वाढल्याचे संशोधकांनी नोंदविले आणि त्या परिणामाला त्यांचेच नाव पडले.

कोणतेही लक्षण नसताना केलेली तपासणी म्हणजे पूर्वतपासणी. तिचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला शौचाच्या नमुन्याचा. डोळ्यांना न दिसणारे रक्त त्यात शोधले जाते आणि ही चाचणी दरवर्षी करावी लागते. नमुना घरीच घेता येतो. मिनेसोटा राज्यात ४६ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दरवर्षी अशी चाचणी करणाऱ्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू एक तृतीयांशाने घटले होते. चाचणीत रक्त आढळल्यास मात्र पुढे कोलोनोस्कोपी करावीच लागते, अन्यथा पहिल्या चाचणीला अर्थ राहत नाही. दुसरा मार्ग थेट कोलोनोस्कोपीचा. ती निर्दोष आली आणि विशेष धोका नसेल तर सामान्यतः दहा वर्षांनी पुन्हा करावी लागते. आई, वडील, भाऊ वा बहीण यांपैकी कोणास हा रोग झाला असेल तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या आप्तास ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर असेल तेव्हा तपासणी सुरू करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो.

भारतात २०१६ पासून शासनाने मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या सार्वत्रिक तपासणीची योजना आखली. मोठे आतडे त्यात नाही, आणि येथील रोगाचे प्रमाण पाहता ते समजण्यासारखे आहे. याचा अर्थ असा की भारतातील कुटुंबाला कोणी पत्र पाठवून तपासणीस बोलाविणार नाही. घरातील इतिहास आणि लक्षणे यांची नोंद घरानेच ठेवावयाची आहे. मुलांकडे अमेरिकेस काही महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांनी हेही ध्यानात घ्यावे की प्रवासी विम्यात अशी पूर्वतपासणी सहसा समाविष्ट नसते. शंका असेल तर ती निघण्यापूर्वी इथेच दूर करून घेणे सोयीचे.

पूर्वतयारी आणि व्रतनियम

कोलोनोस्कोपीपेक्षा तिच्या आदल्या दिवसाच्या तयारीचीच धास्ती अधिक असते. आतडे पूर्ण स्वच्छ करणारे औषध भरपूर पाण्यातून घ्यावे लागते आणि त्या काळात केवळ पारदर्शक पातळ पदार्थ चालतात. अमेरिकन रुग्णालयांच्या छापील सूचनांत जेलीचे पदार्थ आणि मांसाचे सूप यांची नावे असतात. जेलीत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन असते. हे वाचूनच काही जण तपासणीचा विचार सोडून देतात. वास्तविक त्याची काहीच गरज नाही. उकळून गार केलेले पाणी, गाळलेले लिंबू-साखरेचे पाणी, शहाळ्याचे पाणी, वस्त्रगाळ केलेले मुगाचे किंवा भाताचे निवळ पाणी यांवर हे काम भागते. लाल वा जांभळ्या रंगाची पेये तेवढी वर्ज्य, कारण दुर्बिणीतून ती रक्तासारखी भासतात.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण वेगळी असते. औषधाचा पहिला भाग संध्याकाळी आणि दुसरा पहाटे घ्यावा, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्याने डॉक्टरांस आधीच सांगून दुपारची वेळ मागावी. तशा वेळी संपूर्ण औषध त्याच दिवशी सकाळी घेण्याची पद्धतही वैद्यकात मान्य आहे. मात्र ज्यास उपवासाचा सराव आहे त्याने, आपण तीन दिवस उपवास केला म्हणजे आतडे स्वच्छ झाले, असे समजू नये. उपवासाने आतडे रिकामे भासले तरी तपासणीस लागणारी स्वच्छता औषधानेच येते. मधुमेह असणाऱ्यांनी, तसेच रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी आपल्या मनाने काहीही बदल करू नये.

चातुर्मासात अनेक संघांतर्फे रक्तदान आणि नेत्रतपासणीची शिबिरे भरतात. तेथे एखाद्या सकाळी पोटविकारतज्ज्ञाचे तासाभराचे व्याख्यान ठेवले आणि पुरुष व स्त्रियांसाठी प्रश्नोत्तरांची स्वतंत्र सोय केली, तर वॉशिंग्टनच्या त्या निळ्या पदयात्रेचे निम्मे काम गावातल्या उपाश्रयाशेजारच्या सभागृहात होऊ शकेल. उरलेले निम्मे काम घरातच व्हावयाचे आहे. दिवाळीला वही बदलताना प्रत्येक खाते उघडून पाहण्याची रीत व्यापारी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. त्याच दिवशी घरातील थोरांनी, कोणास कोणत्या वयात कोणता आजार झाला होता, एवढे एका कागदावर लिहून मुलांच्या हाती द्यावे. चाळिशी-पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांना त्या कागदाचा उपयोग होईल.